दीडची की दोनची

गुंडेटींचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा
राहिलेल्या पगारापोटी मला मिळाला
एक रशियन कॅमेरा. झॉर्की.
विटेसारखा जड, आणि बिनडोळ्याचा.
लेन्स कुणीतरी आधीच काढून नेलेली.
तोंडाच्या जागी एकोणचाळीस मिलिमीटरचं भोक,
लोणच्याच्या बरणीसारखं, आट्यांचं.

फ्लॅश नको होता मला.
बारा वर्षं फ्लॅश मारलाय मी,
हळदीत, वरातीत, मेलेल्या माणसांच्याही तोंडावर.
आता आई हवी होती, दिसते तशी:
नीलम नगरात, संध्याकाळी सातला, उंबऱ्याच्या आत,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
वर चाळीसचा पिवळा बल्ब
जो उजेडापेक्षा हजेरीच जास्त देतो.
त्याला लेन्स लागते मोठ्या तोंडाची.

विजापूर वेशीत इलाही हुंडेकरींनी
बंद घड्याळांच्या मागून तीन काढल्या.
"ही दीडची. ज्युपिटर तीन. अकरा हजार.
ही कॅनन, एक पॉइंट आठ, आत धुकं चढलंय, सात.
आणि ही दोनची, ज्युपिटर आठ.
काठाला ओरखडा. तीन हजार. तुला अठ्ठावीसशे."

कॅनन मी दाराकडे धरली.
खरंच धुकं होतं,
जानेवारीत कंबर तलावावर असतं तेवढं.
दीडची मात्र हातात फिरवली की झळकायची
रॉकेल सांडलेल्या पाण्यासारखी, निळी, जांभळी.
अकरा हजार म्हणजे विड्या किती,
भागाकार मांडला आणि अर्ध्यावर सोडला.
मध्ये आईची बोटं आली.

"काय बघलालास बे एवढं?" हुंडेकरी म्हणाले.
"दीड पूर्ण उघडलास तर
नाक धरलं की कान सुटतो.
आई विडी वळणार, मान खाली,
चेहरा इथं, हात वीतभर पुढं.
दोन्हीतलं एकच गावणार.
सांग की, काय सोडतोस?"

दोनची घेतली तरी एकच गावतं,
हे त्यांना ठाऊक होतं.
मलाही.
अठ्ठावीसशेत दोघांचं तेवढं गप्प बसणं धरलेलं होतं.
मी पैसे मोजले, दोनदा.
शेवटची नोट टेप लावलेली,
ती त्यांनी उजेडात धरून बघितली, काचेसारखीच.

पहिला रोल. चारशेचा. एक तीसांश सेकंद, श्वास रोखून.
रेंजफाइंडरच्या पिवळट चौकोनात दोन आया,
एक खरी, एक तिच्या शेजारी सरकलेली, फिकट.
लेन्स फिरवत फिरवत
एकीला दुसरीत बसवलं.
भुवईवर. नेमकं भुवईवर.

रोल धुतला.
ती टेकते त्या भिंतीवरचं कॅलेंडर खणखणीत,
चतुर्थी, अमावास्या, मार्कंडेयाचे डोळे,
खाली मेडिकलवाल्याचा फोन नंबरसुद्धा.
आणि आई साखरेसारखी विरघळलेली.

"मागं पडलालंय," हुंडेकरी हसले.
"काच उघड, खाली चकती घाल केसाएवढी.
कागदाची चालतीय."

घरात तितका पातळ कागद एकच,
विडीच्या बंडलाचं लेबल.
ब्लेडनं गोल कापलं.
छापलेल्या बैलाचं एक शिंग तेवढं उरलं.
ते आता लेन्सच्या आत आहे.
कुणी मला विचारलं, कोणती लेन्स वापरता,
तर मी शिंगाचं सांगत नाही.

दुसऱ्या रोलला आई तेलुगूत म्हणाली,
बस की, माझ्यावर किती फिल्म जाळतोस?
मी म्हटलं, एक शेवटचा.
ते खोटं होतं, अजून अकरा होते.

आता भुवईवर धरलं की भुवई येते.
पापणी येते, कपाळावरची बारीक पावडरसुद्धा.
हात सुटतात.

प्रिंट तिच्या हातात दिला.
चेहऱ्याकडे तिनं बघितलंच नाही.
खाली, जिथं सगळं धूसर आहे,
तिथं तंबाखूचं बोट टेकवून म्हणाली,
"ही सैल वळलीय.
छाटात जाणार."